पालक, बर्फ आणि निळा रंग

मी बी.कॉम., सगळा जन्म बँकेत गेला. तरी क्लोरोप्लास्ट, म्हणजे पानातला हिरवा कण, माझ्या चांगल्या ओळखीचा. आमची ही बडोद्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी खंडेराव मार्केटातून कोवळा पालक आणणं आणि सकाळी बर्फाची लादी फोडणं, ही दोन कामं माझी.

पालक साखरेच्या गार द्रावणात वाटायचा, मलमलीतून गाळायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. तळाशी बसतात ते कण. त्यात निळा रंग घालून नळी दिव्यासमोर धरली की निळा उडतो. अंधारातल्या नळीत तसाच राहतो. केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी १९३७ साली दाखवलं की पानाबाहेर काढलेले कणही उजेडात ऑक्सिजन सोडतात, फक्त इलेक्ट्रॉन घेणारं कुणीतरी समोर हवं. आमच्या नळीत तो घेणारा म्हणजे निळा रंग. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखेच की, मुलूख सोडूनही चालू!" ही म्हणाली, "उपमा पुरे, बर्फ फोडा."

पुढे १९५४ मध्ये बर्कलीत आर्नन आणि सहकाऱ्यांनी पालकाचे सुटे कण उजेडात एटीपी बनवतात हे दाखवलं. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. त्यात अमोनियम क्लोराइड घाला, इलेक्ट्रॉन धावतात, रंग उलट लवकर उडतो, पण एटीपी बनत नाही. हे मला ताबडतोब कळलं: काउंटरवर झुंबड, रोजकीर्दीत जमा शून्य! आणि १९६६ मध्ये जॅगेनडॉर्फ आणि उरिबे यांनी कण आधी आम्लात भिजवून मग अल्कलीत टाकले, तर चक्क अंधारात एटीपी. म्हणजे उजेडाचं काम काय, तर कणाच्या आत-बाहेर आम्लाचा फरक उभा करणं.

आता मुख्य गोष्ट. ऐंशीच्या दशकातली मार्चमधली परीक्षा. परीक्षेचा बर्फ कॉलेज मागवायचं, त्या वर्षी कमी आला आणि अकरापर्यंत वितळला. कण तासभर उन्हाळ्यात तापले. कुणाचाच रंग धड उडेना. बहुतेकांनी वहीतले आकडे उतरवले. एकाच मुलीनं लिहिलं: रंग निळाच, बर्फ संपला होता, कण तासभर बाहेर होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, प्रयोग फसला, गुण नाहीत. हिनं गुणपत्रकावर सही करायला नकार दिला.

मला बँकेत फोन. "अहो, बर्फ घेऊन येता का?" स्कूटरवर गोणपाटात लादी बांधून गेलो. हिनं नव्यानं पालक वाटला, अर्धे कण बर्फात ठेवले, अर्धे तासभर टेबलावर. परीक्षक घड्याळ बघत बसलेले. मग दोन्ही नळ्या एकाच दिव्यासमोर. बर्फातली बघता बघता हिरवी झाली, टेबलावरची जवळजवळ निळीच. परीक्षकांनी काही न बोलता पेन काढलं.

ही जाऊन चार वर्षं झाली. त्या मुलीला गुण किती मिळाले हे मी तेव्हाच विचारलं होतं. "ते गोपनीय असतं," म्हणाली. बँकवाल्याला यावर बोलता येईना.