अडुळशाचे पान

परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाचे डोंगर आहेत. तेथे चरणाऱ्या शेळ्या बाभळीच्या काट्यांतून कोवळा पाला ओरबाडतात, कडुनिंबाचा कडू डहाळाही आवडीने खातात. पण बांधावरच्या हिरव्यागार अडुळशाला मात्र तोंड लावीत नाहीत! त्याला ना काटा, ना कुंपण. मग त्याचे रक्षण कोण करते? त्याचे पानच!

झाडाला शत्रूपासून पळता येत नाही. म्हणून ते आपली शस्त्रे आपल्याच अंगी घडविते. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. संस्कृतात अडुळशाला ‘वासा’ किंवा ‘वासक’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडले. किडींना नकोसे असणारे हे द्रव्य माणसाचा श्वासमार्ग मोकळा करते. खोकल्याने हैराण झालेल्या नातवाला पानांचा रस मधात कालवून चाटविणाऱ्या आजीला द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते. गुण मात्र ठाऊक होता. पुढे शास्त्रज्ञांनी याच द्रव्याच्या आधारे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध तयार केले. १९६३ साली ते वापरात आले.

तथापि, शस्त्र ते शस्त्रच! मात्रा अधिक झाली, तर हेच पान ओकारी आणते. गर्भवती स्त्रीला तर ते अपायकारक ठरू शकते. म्हणूनच जाणते वैद्य पानाआधी रोगी पाहतात. झाडाचा गुण ओळखणे ही विद्या खरी. पण त्याची मात्रा ओळखणे ही त्याहून मोठी विद्या होय.