तापल्यावरचं मिसिंग

जीप थंड असते तोवर तक्रारच नाही. वरंध घाट अर्धा चढला की मिसिंग सुरू, आणि सावलीत जरा उभी केली की पुन्हा शहाणी. अशा वेळी लोक आधी कार्ब्युरेटर खोलतात, याचा मला राग येतो. चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील, तर सगळ्यांना मिळून करंट पुरवणाऱ्या गोष्टी बघाव्यात: कॉईल, पॉइंट, कंडेन्सर. एकच सिलिंडर मेला असेल तर गोष्ट वेगळी. रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. जी काढूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिथेच दुखणं.

कॉईल गार असताना मल्टीमीटर तिला खुशाल पास करतो. बारा व्होल्टची, बॅलास्ट नसलेली. प्रायमरीला साधारण ३ ओहम, अगदी चोख. आतलं इन्शुलेशन दगा देतं ते तापल्यावर. म्हणजे मोजायचं घाटातच, बोटं भाजून घेत. (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला असेल, तर ठिणगी निळीच राहते.) आज ठिणगी पिवळी, मरगळलेली दिसली. तरी कॉईलवर लगेच खर्च करणार नाही. बिघडलेला कंडेन्सरही हुबेहूब हेच सोंग आणतो, आणि तो फार स्वस्त. पॉइंट जळालेत का, तेही उद्या बघेन.