निर्णय आप्पांचा होता

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत, घरून घाटकोपरच्या ऑफिसला निघालेल्या डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घालून मारलं. मुंबईच्या गिरणी संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस बाकी होते. त्याच आठवड्यात मी एका साप्ताहिकासाठी लेख लिहिला. खुनाचा निषेध पहिल्या परिच्छेदात उरकला आणि उरलेल्या लेखात एकच गोष्ट सांगितली: अडीच लाख भोळ्या कामगारांना या माणसाने आपल्या हट्टापायी संपात ढकललं आणि गिरणगाव मातीत घातलं. मी स्वतः गिरणी कामगाराची मुलगी, लालबागच्या चाळीत वाढलेली, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आलं. लोकांनी कात्रणं जपून ठेवली. अजूनही कधी कुणी भेटतं आणि म्हणतं, तुम्ही त्या वेळी फार खरं लिहिलं होतंत.

ते खरं नव्हतं. कुठे आणि कसं चुकलं, ते एकदा सविस्तर लिहायला हवं, कारण ती चूक एकट्या लेखाची नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो लेख वाचला. घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरांनी आमका बोलवूक नाय. आमीच गेलव त्येंच्याकडे." आमचं गाव मालवणकडचं, डॉक्टरही देवबागचे. गाववाल्याबद्दलची माया बोलतेय, असं समजून मी ते सोडून दिलं. माझ्या लेखाचा पायाच त्या दोन वाक्यांत निघून गेला होता, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

घडलं होतं ते असं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष होता. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले आणि आमचं नेतृत्व करा म्हणून बसले. डॉक्टर आधी राजी नव्हते, आणि त्याला कारण होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांत वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती म्हणजे काँग्रेसच्या छत्राखालचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण कायद्याच्या दृष्टीने बोलणार तीच. दुसऱ्या कोणी पुकारलेला संप बेकायदा ठरणार, हे उघड होतं. तरीही एकेका गिरणीतले लोक घाटकोपरच्या वाटेला लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा त्यामागे काही महिन्यांचा हा रेटा होता.

लोक डॉक्टरांकडेच का गेले, हेही मी लेखात लिहिलं नाही. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझे धाकटे काका ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. शिक्षण आप्पांपेक्षा दोन यत्ता कमी, नोकरीही नंतरची, आणि पगार आप्पांपेक्षा कितीतरी जास्त. गणपतीला दोघे भाऊ गावी एकत्र यायचे तेव्हा घरात कोण काय आणतं, ते सगळ्यांना दिसायचं. नव्या कारखान्यांतली ही पगारवाढ बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांच्या युनियनने मिळवलेली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईलमधल्या वाढीची चर्चा आमच्या चाळीच्या गॅलरीत महिनोन्महिने चालली होती. शिवाय बदली कामगारांचा प्रश्न होता. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे, नाही तर परत. काही जणांची अशी वर्षांमागून वर्षं गेली होती. आप्पा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम होते, पण आमच्या खोलीत राहणारे दोन गाववाले बदलीवर होते, आणि काम न मिळाल्याच्या दिवशी ते जेवायला बसताना संकोचायचे, हे मी पाहिलेलं आहे. एवढं पाहिलेली मुलगी त्याच माणसांना छापील अक्षरांत भोळी म्हणाली. आप्पांना हिशोब कळत होता. त्यांनी जोखीम तोलली होती, आणि त्यांचा अंदाज चुकला. अंदाज चुकणं आणि भुलवलं जाणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मागे जाते, कारण लेखाच्या आधीची चूक जास्त वाईट आहे.

संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. डॉक्टरांचा फोटो आमच्या भिंतीवर दत्ताच्या तसबिरीशेजारी होता. मोर्चाला मी आप्पांबरोबर जायची, घोषणा तोंडपाठ होत्या. पहिले काही महिने चाळीत एक उमेद होती. खूप लोक गावी गेले, शेतीला लागले. युनियनकडून धान्य वाटलं जायचं, गावाकडून तांदूळ यायचा. मग पावसाळा आला, आणि माणसं वेगवेगळ्या वाटांनी तुटायला लागली. आमच्या शेजारच्या खोलीतले काका पहिल्या पाळीला गुपचूप कामावर जायला लागले. पहाटे, मागच्या गल्लीतून. त्यांची मुलगी माझी मैत्रीण. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

चाळीतल्या पोरांना काका कोणत्या वाटेने जातात ते शोधायचं होतं. ते मी सांगितलं. मला कोणी दटावलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. मला ते कर्तव्य वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांना मारलं. हात मोडला. साच्यावर काम करणाऱ्या माणसाचा हात. त्या घरातून आलेला रडण्याचा आवाज मी अंथरुणात पडून ऐकला, आणि त्या दिवशीही मैत्रिणीशी बोलले नाही, कारण तिचा बाप फुटला होता.

१९९७ च्या लेखात एक परिच्छेद असा आहे: डॉक्टरांच्या आंदोलनाला हिंसेची बाजू होती, कामावर जाणाऱ्यांना मारहाण झाली, त्याची नैतिक जबाबदारी नेत्याची. हे मी लिहिलं. ज्या बाईने त्या पहाटेची वाट दाखवली, तिने. मारहाण झाली हे खरंच आहे, आणि तिला आळा घालायला डॉक्टरांनी जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं नाही, असं मी आजही म्हणेन. पण ते वाक्य लिहिताना मला जे हलकं वाटलं होतं, त्याचं कारण आज कळतं. सगळं त्यांच्या नावावर टाकलं की माझ्या नावावर काही उरत नव्हतं. आधी त्यांना देव केलं तेव्हाही तेच झालं होतं. देव सांगतो तसं आपण करतो. दोन्ही वेळा मी स्वतःला आणि आप्पांना दुसऱ्याच्या हातातली माणसं करून टाकलं.

म्हणून डॉक्टरांबद्दल आज मला काय वाटतं, तेही स्पष्ट सांगते. त्यांनी कामगारांसाठी झीज सोसली, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. घाटकोपरला खाणकामगारांवर उपचार करणारा डॉक्टर, आणीबाणीत तुरुंगात गेलेला. पण गिरणी म्हणजे प्रीमियर नव्हे, हे त्यांनी ओळखलं नाही. मोटारीचा कारखाना बंद राहिला की मालकाचा जीव कासावीस होतो. इथे अनेक मालकांकडे कापडाचे साठे पडून होते. भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून घ्यायचं आणि त्यावर गिरणीचा छाप मारायचा, हा धंदा आधीच सुरू झाला होता. जुनी यंत्रं, त्यांच्याखाली मुंबईच्या मध्यभागातली जमीन. काही मालकांना संप सोयीचाच होता. दिल्लीला तर सामंतांशी बोलणंच नको होतं. गिरण्या त्यांच्या हाती गेल्या तर उद्या गोदी जाईल, ही इंदिरा गांधींच्या सरकारची धास्ती. समोर मालक आणि सरकार असे दोघे असताना माघारीची वाट आखून ठेवणं नेत्याचं काम होतं, आणि ते झालं नाही. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून जास्त माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि लढाई संपली, असं त्यांना कोणी सांगितलंही नाही. आप्पा १९८३ मध्ये गेटवर गेले तेव्हा पटावरून नाव उतरलेलं होतं. नंतर त्यांनी एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून अठरा वर्षं काढली.

आईचं मत त्या काळात कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. ती मोर्चाला येत नव्हती, म्हणून तिला राजकारण कळत नाही असं मी धरून चालले. वाण्याची उधारी, मंगळसूत्राच्या वाट्या, माझी शाळेची फी, धाकट्याचं दूध, हे सगळं तिच्या अंगावर होतं. खूप उशिरा मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की संपात जायला तिचा विरोध नव्हता. पण पावसाळ्याच्या तोंडाशी तिने आप्पांना म्हटलं होतं, आता जे मिळेल ते घेऊन आत जा, माणसं आत असली तर पुन्हा भांडता येईल. आप्पा म्हणाले, एकट्याने कसं जायचं. युनियनच्या सभेत हे कोणी बोललं असतं तर? चाळीतल्या बायकांना तिथे बोलायला बोलावलंच नव्हतं. संपावर आजवर जे काही वाचलं त्यात आईच्या या वाक्याइतका नेमका सल्ला मला फार क्वचित दिसला.

त्या लेखामागच्या समजुतीचा फटका मात्र व्यवहारातही बसला, आणि तो घरालाच बसला. आम्ही चाळ सोडून उपनगरात गेलो तेव्हा आप्पांची पत्र्याची पेटी मी रिकामी केली. गिरणीचा लाल पास, कामगाराचं तिकीट, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या. मला तो एका फसलेल्या भक्तीचा कचरा वाटत होता. आप्पा गावी होते. सगळं रद्दीत गेलं. तोवर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न पेटला होता. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना पालिका, घरबांधणीचं सरकारी मंडळ म्हाडा आणि मालक असे तीन वाटे व्हायचे होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. दत्ता इस्वलकर आणि बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने वर्षानुवर्षं चिवटपणे लावून धरलं म्हणून कामगारांसाठी घरं तरी पदरात पडली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार त्यासाठी पात्र, आणि पुरावा म्हणून मागत होते लाल पास, तिकीट, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. आप्पांनी पेटी उघडली. मी काय केलं ते मला त्यांना सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत. पुढची दोन वर्षं मी कार्यालयांत खेटे घातले, पण नावाचं स्पेलिंग वेगळं, खातं सापडेना. आप्पा गेले तेव्हा अर्ज अपूर्णच होता, आणि वारस म्हणून आईच्या नावाने तो अजून तसाच आहे.

त्या अर्जाच्याच धावपळीत म्हाडाच्या रांगेत शेजारचे काका भेटले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी त्यांना विचारलं, १९८४ ला मत कोणाला दिलंत? इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. देशभर काँग्रेसची लाट, आणि दक्षिण मध्य मुंबईतून डॉक्टर अपक्ष निवडून आले, तेही संप हरल्यानंतर. माझ्या लेखात मी त्याला आंधळं प्रेम म्हटलं होतं. काका म्हणाले, "डॉक्टरला." मी म्हटलं, पण तुम्ही तर कामावर गेला होतात. "बायको टीबीच्या दवाखान्यात होती म्हणून गेलो. मागणी खोटी आहे असं मी कधी म्हटलं? बदलीवर मी सात वर्षं काढली. मालकाला आणि सरकारला दाखवायचं होतं, की तुम्ही आम्हाला आत घेतलंत म्हणून आम्ही तुमचे झालो नाही."

हात मोडलेल्या माणसाने डॉक्टरांना मत दिलं होतं. संपवाले आणि फुटलेले अशा माझ्या दोन रकान्यांपैकी एकातही ते बसत नव्हते. चाळीतली किती माणसं अशी असतील, आणि मी कोणालाच विचारलं नव्हतं.

मग मी त्यांना गल्लीची गोष्ट सांगितली. त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना दुसऱ्याच एका माणसाचा संशय होता, आणि तो माणूस मरेपर्यंत ते त्याच्याशी बोलले नव्हते. त्यांनी मारणाऱ्या पोरांची नावं विचारली, मी सांगितली. त्यातल्या एकाला त्यांनी पुढे स्वतः शब्द टाकून नोकरी लावली होती. बराच वेळ ते मोडलेल्या हाताचं कोपर चोळत राहिले, मग रांगेत आपला नंबर आला का ते बघायला उठले. आठवड्याने त्यांच्या मुलीचा फोन आला. तिने विचारलं, हे बाबांना आता का सांगितलंस, तुला बरं वाटावं म्हणून? मी म्हटलं, त्यातलं काही तसंही असेल. ती म्हणाली, पुन्हा घरी येऊ नकोस. मी गेलेले नाही.