केळापूरची चिलटे

नागपूरहून हैदराबादच्या हमरस्त्याने दक्षिणेला निघाले, की दोन्ही बाजूंना कपाशीची काळी राने लागतात. पांढरकवड्यालगत केळापूर आहे. तालुक्याला नाव केळापूरचे, कचेरी मात्र पांढरकवड्याला! पण केळापूरला त्याची खंत नसावी. कचेरी नसली तरी जगदंबा तिथेच आहे आणि नवरात्रात सारा मुलूख तिच्या दर्शनाला लोटतो.

देवळाबाहेर फळांची दुकाने होती. पिकल्या केळ्यांवर चिलटांचा थवा घोंघावत होता. दुकानवाली बाई हात हलवीत म्हणाली, "काय सांगू भाऊ, केळ पिकलं का चिलटायले बरोबर समजते!"

कसे समजते? वाचकहो, या साध्या प्रश्नावर मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, माणसांनी आयुष्य वेचले आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी तिथे आले आणि १९६२ साली त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे १९७७ मध्ये गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनाला आल्या. दोघांनी चिलटांचे वाण निवडायला घेतले.

वाण म्हटले की आमच्या वऱ्हाडी शेतकऱ्याचे कान टवकारतात. तो बियाण्यासाठी सरस झाड राखतो. या दोघांनी मात्र उणे तेवढेच राखले! रसायनाने चिलटांच्या गुणसूत्रांत बदल घडवायचे, त्यांची संतती दुफाटा असलेल्या नळीत सोडायची आणि एका फाट्यात वास ठेवायचा. शहाणी चिलटे वासाकडे जातात. ज्यांना त्याचा पत्ताच लागत नाही, ती वेगळी काढून त्यांचा वंश बाटलीत वाढवायचा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार! गंमत अशी, की एखादा वाण एका वासाला दाद देत नाही, पण दुसऱ्याला बरोबर देतो. म्हणजे नाकाला दार एक नसून अनेक, आणि प्रत्येकाची किल्ली निराळी. हे काम १९७८ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२४ मध्ये तर चिलटाच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा पुरा नकाशाच तयार झाला.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पांढरकवड्याला ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो, त्यांच्या घरी सकाळी दूध करपले. चुलीजवळच आजी बसल्या होत्या. "आई, इतक्या जवळ बसून तुम्हाला वास कसा आला नाही?" सूनबाईंनी विचारले. आजी खालमानेने म्हणाल्या, "पोरी, मले वर्षभर झालं, कशाचाच वास येत नाई." घर चिडीचूप झाले. वर्षभर त्यांच्या वाट्याला निष्काळजीपणाचा ठपका येत होता.

नाक का रुसते याची कारणे पुष्कळ आहेत. साधे पडसे असेल, नुसते वयही असेल. कंपवातासारख्या दुखण्यात तर हात कापू लागण्याच्या कितीतरी आधी वास जाऊ शकतो. दुपारी सूनबाई आजींना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. निघताना त्यांनी आजींचे लुगडे नीट केले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.