हिमालय सातपुड्याच्या भेटीला

वऱ्हाडची माती आणि वऱ्हाडचा रस्ता यांचे फार जुने भांडण आहे. ही काळी कसदार माती पाणी प्याली की फुगते, आणि उन्हाळ्यात सुकली की अशी भेगाळते की भेगेत हात घातला तर तो कोपरापर्यंत जावा. कपाशीला हा स्वभाव मानवतो; डांबराला मानवत नाही. पावसाळ्यात खालची जमीन वर येते, वैशाखात ती खाली बसते, आणि दरसालच्या या उठाबशांत वरचा रस्ता बिचारा सांधे धरलेल्या म्हाताऱ्यासारखा होऊन जातो.

अर्थात याच मुलखात रस्त्याचा एक विश्वविक्रमही झालेला आहे, तो विसरून कसे चालेल? २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि गिनीज बुकात जाऊन बसला. त्याआधी हा मान कतारातल्या दोहा शहराकडे होता. तेव्हा वऱ्हाडातल्या मोटारसायकलस्वाराची परिस्थिती मोठी चमत्कारिक आहे. सकाळी तो जगात गाजलेल्या रस्त्यावरून जातो आणि दुपारी सासुरवाडीच्या पांदणीत शिरतो. दोन्ही ठिकाणी चालेल असे वाहन त्याला हवे असते.

असे वाहन मिळाल्याची द्वाही आमच्या गावात २०१६ साली फिरली. त्या वर्षी रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ बाजारात आली. या घराण्याची बुलेट आपल्या ओळखीची. १९५२ साली भारतीय लष्कराने ८०० बुलेट मागविल्या, १९५५ साली मद्रासेत त्यांची जुळणी सुरू झाली, आणि पुढे फौजदार व बडे बागायतदार यांच्याखेरीज ती कोणाला शोभत नाही असा एक समज रूढ झाला. हिमालयन मात्र निराळी. उंच, काटक, पुढे २१ इंची चाक, मोठा खड्डा आला तरी पोटात घेणारे लांब झोके, आणि पोटाखाली वीतभर मोकळी जागा. इंजिन ४११ सीसीचे, हवेने आणि तेलाने थंड होणारे, जेमतेम साडेचोवीस अश्वशक्तीचे. ताकदीच्या मानाने नाव फार मोठे, असे पुष्कळांनी तेव्हा म्हटले. पण आमच्याकडे ती रुजली.

मग २०२३ च्या नोव्हेंबरात तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि पहिलीची छपाई थांबली. नवे इंजिन ४५२ सीसीचे, पाण्याने थंड होणारे. चाळीस अश्वशक्ती, पाचाऐवजी सहा गिअर, आणि हँडलापुढे एक वाटोळा पडदा, ज्यावर फोनच्या मदतीने नकाशा उमटतो. वजन मात्र पूर्वीइतकेच, दोनशे किलोंच्या किंचित आत. सुधारून वाढविलेल्या आवृत्तीवर जुन्या वाचकांत जेवढे मतभेद होतात तेवढेच या गाडीवरून झाले. चहाच्या टपरीवर दोन हिमालयनवाले समोरासमोर आले की तिसऱ्याने आपला चहा संपवून निघावे, अशी स्थिती आली.

हे मतभेद प्रत्यक्ष रस्त्यावर पाहण्याचा योग २०२५ चा दसरा आटोपल्यानंतरच्या रविवारी आला. माझे तीन जुने विद्यार्थी अकोल्याहून नरनाळ्याच्या पायथ्याशी, शहानूरपर्यंत, जायला निघाले होते. एक बँकेत आहेत. त्यांच्याकडे जुनी हिमालयन. दुसरा अकोट तालुक्यातला शेतकरी, त्याच्याकडे नवी. तिसरी मेळघाटात आरोग्य अधिकारी आहे; तिने जुनीच गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली. मला मागच्या आसनावर बसविण्याचे ठरले. जाताना जुनीवर, येताना नवीवर. “सर, तुम्ही परीक्षक,” बँकवाले म्हणाले. उत्तरपत्रिकेवर बसून ती तपासण्याचा हा पहिलाच प्रसंग!

अकोला ते अकोट हा रस्ता नुसता रस्ता नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून हजारो तरुण कावडी खांद्यावर घेतात आणि अनवाणी चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक करतात. हाच तो रस्ता. गांधीग्रामचा इंग्रजी अमदानीतला पूल २०२२ साली तडे गेल्याने बंद करावा लागला, तेव्हा अकोटकरांची कशी त्रेधा उडाली ते मी पाहिले आहे. सुदैवाने त्याच वर्षी नोव्हेंबरात अकोला-अकोट रेल्वे नव्या रुंद मार्गावर धावू लागली आणि लोकांना श्वास घेता आला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला. जमीन सोन्यासारखी, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही.

जुनीच्या मागच्या आसनावरून मला हे सारे नीट पाहता आले, ही तिची पहिली प्रशंसा. साठाच्या गतीला ती अशी रमते की चालविणारा गुणगुणू लागतो. बँकवाले मान मागे वळवून सांगत होते, “सर, हिला घाई नाही. चौथ्या गिअरात सोडून द्या, बैलगाडीमागूनही जाते, ट्रॅक्टरपुढेही जाते.” इंजिनाची गंमत अशी की जुनीचा दट्ट्या लांब पल्ल्याचा, त्यामुळे कमी फेऱ्यांतच तिचा जोर हाताशी येतो. नवीचा दट्ट्या आखूड पल्ल्याचा. तिचा जोर दाखवायला फेऱ्या वाढवाव्या लागतात, पण एकदा वाढल्या की मग थांबा म्हणायची सोय नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर जुनी म्हणजे नांगराचा बैल आणि नवी म्हणजे शंकरपटातला. दोघेही बैलच, पण एकाला दुसऱ्याच्या कामाला जुंपले की धनी दोघांनाही नावे ठेवतो.

चोहोट्टा बाजारच्या पुढे जुनीचे मागचे चाक बसले. बैलाच्या नालेचा खिळा टायरात रुतला होता. आरांचे चाक, आत ट्यूब. म्हणजे चाक उतरविणे आले. जवळच्या पंक्चरवाल्याने पाऊण तासात काम केले. नवी गाडीही प्रथम ट्यूबच्याच चाकांवर आली होती. पुढे २०२४ मध्ये आरांची पण बिनट्यूबची चाके पर्यायादाखल मिळू लागली, आणि आमच्या शेतकऱ्याने ती घेतलेली होती. “माह्या गाडीले खिळा रुतला असता तं पाच मिनिटांत गुंडी ठोकून निंघालो असतो,” तो म्हणाला. बँकवाले म्हणाले, “आणि हा पाऊण तासाचा निवांतपणा कुठे मिळाला असता?” यावर पंक्चरवालाही हसला. त्याचे पोट या निवांतपणावरच चालते.

अकोट मागे पडले की देखावा पालटतो. केळीच्या बागा, संत्र्याचे मळे आणि उत्तरेला निळीसावळी सातपुड्याची भिंत. त्या भिंतीवर नरनाळा. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत त्याचे नाव आहे. त्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा फारसी शिलालेख आहे. दरवाजा बांधविणारा फतहउल्ला इमादउल्मुल्क पुढे तीन वर्षांनी वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. गडावर नऊगजी तोफ आहे. पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड अशी दोन पिल्ले घेऊन हा किल्ला बसलेला आहे. तोफा वर चढविणाऱ्या त्या माणसांपुढे चाळीस अश्वशक्ती म्हणजे काय, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

पोपटखेडच्या अलीकडे गाड्यांची अदलाबदल झाली. आरोग्य अधिकारी बाईंनी नवी हाती घेतली आणि डोंगराकडे निघून गेल्या. त्या अंगाने लहानखुऱ्या. जुनीचे आसन ८०० मिलिमीटर उंच; नवीचे ८२५. थांबल्यावर त्यांची टाच जमिनीला लागेना. तिकडून परत यायला वीस मिनिटे लागली. तोवर आम्ही एका टपरीपाशी भजी आणि तळलेल्या मिरच्या मागविल्या होत्या. बँकवाल्यांना निकालाची खात्री होती. गावोगावच्या मेकॅनिकला उलगडणारी, नकाशाच्या पडद्याशिवाय चालणारी जुनी गाडीच मेळघाटात खरी, हे त्यांचे प्रमेय होते. आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटत होते. तिथे पुष्कळ ठिकाणी फोनला आवाजच येत नाही. मग तो वाटोळा पडदा काय रस्ता दाखविणार?

बाई आल्या. शिरस्त्राण काढून त्यांनी आधी एक मिरची उचलली.

“बोला ताई, जुनीच बरी ना?” बँकवाल्यांनी विचारले.

“भाऊ, तुम्ही रविवारी येता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी मंगळवारी रात्री जाते.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी कोणत्याही जाहिरातीत वाचलेले नाही. पावसाळ्यात, अंधारात, एखाद्या पाड्यावरून निरोप येतो की बाळंतीण अडली आहे. रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडे थांबते. तेव्हा प्रश्न गाडीवर जीव जडण्याचा नसतो. दिवा किती लांब पडतो, ओल्या उतारावर ब्रेक दाबला तर चाक धरते का, आणि चढावर मागे दाईला बसवून गाडी दम टाकते का, एवढेच पाहायचे असते. या तिन्ही बाबतींत नवी सरस आहे. “नकाशा मला नकोच आहे, वाटा मला ठाऊक आहेत. आसन खाली घेण्याची सोय मिळते. मेकॅनिकचं म्हणाल तर जुनीचाही परतवाड्यालाच आहे. जुनीचा लळा तुम्हांला आहे, भाऊ. घाट मला आहे.”

बँकवाले गप्प झाले. आमच्यासारखे शहरी लोक साधेपणाचे कौतुक करतात, कारण त्या साधेपणाचे भाडे दुसरा कोणी भरतो, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे.

“मग घेऊन का नाही टाकत?” मी विचारले.

“घेणारच होते, सर. तेवढ्यात कर वाढला.”

२०२५ च्या २२ सप्टेंबरला करांची नवी रचना आली. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला आणि त्यावरच्या गाड्यांचा, उपकर धरून, ३१ वरून ४० वर चढला. पहिल्यांदा आली तेव्हा २ लाख ६९ हजारांपासून मिळणारी ही गाडी तीन लाखांच्या पलीकडे गेली. सरकारच्या लेखी साडेतीनशेच्या वरची मोटारसायकल म्हणजे चैनीची वस्तू. आणि तिच्यावर बसून चैन करायला निघालेली ही बाई नाल्याकाठी थांबलेली!

इतका वेळ आमचा शेतकरी मित्र काही बोलला नव्हता. तो भज्याचा कागद घडी घालून पुन्हा उलगडीत होता. अखेर म्हणाला, “ताई, माही घ्या.”

आम्ही सारेच चपापलो. या गाडीसाठी त्याने काय काय केले ते आम्हांला ठाऊक होते. वडिलांचा विरोध, कर्जाचे कागद, गाडी आली त्या दिवशी वावरात नेऊन काढलेला फोटो.

“सर, हिशोब सांगतो,” तो म्हणाला. “औंदा कापसाचा लांब धाग्याचा हमीभाव आठ हजार एकशे दहा रुपये क्विंटल. तीन लाखांची गाडी म्हंजे सदतीस क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल झाला तं देव पावला. म्हंजे आठ एकर पऱ्हाटी या दोन चाकांवर उभी हाये. सप्टेंबरच्या पाण्यानं सोयाबीन सडलं. आता हप्ता कायचा भरू? गाडी खराब नाई, बाप्पा. गाडीत खोट काढाले जागाच नाई. माह्या वर्षातच खोट निंघाली.”

एका नव्या गाडीविषयी तीन स्वारांची तीन मते मी ऐकत होतो. एकाला ती जुनीसारखी नाही म्हणून आवडत नव्हती. एकीला ती लागत होती पण परवडत नव्हती. आणि ज्याला ती मनापासून आवडत होती, त्याच्यापाशी ती राहणार नव्हती. वर्तमानपत्री परीक्षणात गाडीला दहापैकी गुण देतात. त्यांत हा रकाना कुठेच नसतो.

मग व्यवहाराची बोलणी निघाली, आणि वऱ्हाडी माणूस व्यवहार बोलू लागला की दुःख जरा मागे सरकते. ताईंची जुनी हिमालयन शेतकऱ्याने घ्यायची, वरचे पैसे ताईंनी द्यायचे, त्यातून कर्जाची बाकी फिटेल. बँकवाल्यांनी पेन काढून भज्याच्या त्याच कागदावर आकडे मांडले. जुनीची किंमत ते जरा चढी लावीत होते. शेतकरी तिचे मागचे टायर दाखवून ती उतरवीत होता. वीस हजारांवर गाडे अडले. ताई म्हणाल्या, दिवाळीच्या आत सांगते. तो म्हणाला, “घाई नाई ताई, पन नोव्हेंबरच्या हप्त्याच्या आधी सांगजा.”

परतीला मी ठरल्याप्रमाणे नवीवर बसलो. अकोट ते गांधीग्राम हा रस्ता मला प्रथमच लहान वाटला. खड्डा दिसे आणि मागे पडे. हाडांना त्याची वर्दी पोचत नसे. उन्हात मात्र पायांशी पंख्याची ऊब जाणवत होती, आणि ज्या गावात वैशाखात पारा ४५ च्या वर जातो तिथे ती मेमध्ये सोसवेल का, अशी शंका मी बोलून दाखविली. “मेमध्ये माह्याजवळ कुठं राह्यते ती?” तो हसून म्हणाला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची पहिली बोंडे फुटू लागली होती. एका वावरापाशी त्याने वेग कमी केला, सीतादहीसाठी बांधावर जमलेल्या बायांकडे पाहिले, आणि सहाव्या गिअरातून पाचव्यात, पाचव्यातून चौथ्यात येत बराच वेळ तो साठाच्याच गतीने चालवीत राहिला. त्या गतीला नवी गाडी थोडी कुरकुरते असे बँकवाल्यांचे मत आहे. मी कान देऊन ऐकले. मला तरी ती कुरकुरताना ऐकू आली नाही.