मेजावरची गोधडी

संस्कृतात ‘कन्था’ म्हणजे चिंध्यांची गोधडी. तिचा संबंध बहुधा विरक्ताशी. यंदा नवरात्राच्या सुमारास आमच्या सूनबाईंनी मात्र ती आमच्या लिहिण्याच्या मेजावर आणून बसविली! रंग त्यांनी शरद् ऋतूचेच निवडिले: झेंडूचा केशरी, आपट्याच्या पानाचा हिरवा आणि पिकल्या साळीचा पिवळा. या पिवळ्यासाठी कै. मातोश्रींचे लुगडे फाडावयाचे होते. बारा वर्षे आम्ही ते पेटीत जपले. घडीवर विरले होते, तरी त्यास कात्री लावू देण्यास मन धजेना. तेव्हा आमच्या कुटुंबाने एवढेच विचारिले, “सासूबाईंनी कधी एक तरी जुनेर वाया घालविले होते काय?” आम्ही निरुत्तर झालो.

वारंवार धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते. म्हणून तीन थरांतूनही सुई सुखाने चालते. नवे कापड मात्र आधी धुवून घ्यावे, नाही तर ते मागाहून आटते व शिवण चुरमडते. थर सरकू नयेत म्हणून प्रथम कच्चे टाके, मग जवळजवळ धावदोरा. १८ इंच चौरसास पंधरा दिवस लागले. (सुई ओवून देण्याची सेवा आमची, चष्मा लावून!) शाईची दौत हल्ली आम्ही खिडकीत ठेवितो.