राजौरीची वाट आणि रामा राघोबा राणे

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव, जम्मू भागातील राजौरीची वाट मोकळी होत होती त्या एप्रिल १९४८मध्ये, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या सप्टेंबरात संस्थानाने शरणागती पत्करेपर्यंत ते स्वतंत्र भारताच्या बाहेरच राहिले. या मुलुखाची सैनिकी परंपराही कोकण किंवा सातारा-कोल्हापूरपेक्षा वेगळ्या वाटेने गेली. निजामाच्या खर्चाने, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसलेल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची एक छावणी १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडणाऱ्या हिंगोलीत होती. त्या फौजेतून पुढे हैदराबाद रेजिमेंट घडली, १९४५मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले, आणि परमवीरचक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. हा धागा परभणीकरांना फारसा कोणी सांगत नाही. मात्र मराठी-कोकणी समाजातून आलेल्या आणि युद्धातून जिवंत परतलेल्या परमवीराचे चरित्र पाहायचे, तर कारवारजवळच्या चेंडिया गावी २६ जून १९१८ रोजी जन्मलेल्या रामा राघोबा राणे यांच्याकडे वळावे लागते.

राणे यांचे वडील पोलीस खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांनी झाले. जुलै १९४०मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते खडकीला केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे लष्करी अभियंता-सैनिक : पूल बांधणे, रस्ते काढणे, शत्रूने पेरलेले सुरुंग निकामी करणे आणि माघार घेताना आपलेच पूल व साठे उडवणे ही त्याची कामे होत. दुसऱ्या महायुद्धात राणे २६व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशात आराकान आघाडीवर लढले. बुथिडाँगहून सैन्य मागे हटत असताना महत्त्वाच्या वस्तू नष्ट करण्यासाठी मागे ठेवलेल्या तुकडीत ते होते, आणि सुटकेची ठरलेली सोय झाली नाही तेव्हा जपानी गस्त चुकवीत नदी ओलांडून ही माणसे आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. डिसेंबर १९४७मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला, म्हणजे शिपायापासून अधिकारीपदापर्यंतची चढण त्यांनी साडेसात वर्षांत पार केली.

१९४७-४८च्या भारत–पाकिस्तान युद्धात जम्मू भागातील झांगर १८ मार्च १९४८ रोजी परत जिंकल्यानंतर भारतीय सैन्याला नौशेराहून राजौरीकडे जायचे होते. परंतु डोंगरातून नागमोडी जाणारा हा एकमेव रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, चीडवृक्ष आडवे पाडून आणि मोऱ्या उडवून अडवून ठेवला होता. रणगाड्यांवाचून पुढे जाता येत नव्हते, आणि रस्त्यावाचून रणगाडे जाऊ शकत नव्हते. ८ एप्रिलच्या सकाळी अकराच्या सुमारास सव्विसाव्या मैलाजवळ राणे यांची तुकडी कामाला लागण्याच्या बेतात असतानाच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. त्यांनी उरलेली माणसे पुन्हा जुळवली, दिवसभर ते रणगाड्यांच्या आगेमागे राहिले, आणि दुपारी साडेचारच्या सुमारास ४ डोग्रा पलटणीने बरवाली डोंगरधार घेतल्यावर, परिसर अजून निर्धोक नाही हे ठाऊक असूनही, त्यांनी रणगाड्यांसाठी वळणमार्ग, म्हणजे अडलेल्या रस्त्याच्या बाजूने काढलेली कच्ची वाट, खोदायला घेतली. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, हे काम चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात झाली आणि दुपारी तीनला वळणमार्ग तयार झाला. त्यानंतर राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर झाडांचा अडथळा लागला, तो त्यांनी सुरुंगाने उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा, आणि त्यापुढे उद्ध्वस्त मोरी, जिच्यावर मशीनगन रोखलेल्या होत्या. अंधार पडता पडता पाच मोठ्या चीडवृक्षांचा, भोवती सुरुंग पेरलेला अडथळा आला, तेव्हा ताफ्याच्या प्रमुखाने मुक्कामाचा निर्णय घेतला. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्याशी भिडले आणि साडेसहापर्यंत तो दूर केला. पुढच्या हजार यार्डांत अडथळे आणि उडवलेले रस्त्याचे भराव यांची रांगच होती, ती साडेदहापर्यंत मोकळी झाली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरील चिंगसला पोचले, पण रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच हवा होता, म्हणून राणे अन्नविश्रांतीविना रात्री नऊपर्यंत मागे काम करीत राहिले, आणि ११ एप्रिलला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचे काम सुरूच होते. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

राणे यांचे परमवीरचक्राचे मानपत्र वाचताना ते एखाद्या बांधकामाच्या हजेरीपटासारखे वाटते, इतक्या वेळा त्यात तास आणि मिनिटे येतात. आणि हेच त्या शौर्याचे वेगळेपण आहे. शौर्यकथांना साधारणपणे एक क्षण लागतो. इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर तुटून पडलेले माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे, किंवा ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीतून दोन जखमींना माघारी आणून पुन्हा उलटे गेलेले नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव, या दोघा व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्यांच्या कथेत तो क्षण आहे. राणे यांच्या कथेत तसा क्षण शोधूनही सापडत नाही, कारण तेथे भीती चार दिवस रोज पहाटे नव्याने समोर उभी राहत होती आणि तिच्यासमोर हात स्थिर ठेवून करण्याचे काम होते. त्यांच्याच बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१मध्ये ॲबिसिनियात चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता, हे लक्षात घेतले तर हा सॅपर्सच्या पठडीतून आलेला पराक्रम ठरतो.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरण्यात आले. इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा असलेले हे कांस्यपदक मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी, जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी घडवले. १९४७-४८च्या युद्धासाठी ते पाच जणांना मिळाले, त्यांतील तिघांना मरणोत्तर. राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघेच ते स्वतःच्या छातीवर लावू शकले.

राणे १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर १९७१पर्यंत पुनर्नियुक्तीवर काम करीत राहिले. सेवाकाळात युद्धाच्या अधिकृत अहवालांत त्यांचा नावानिशी उल्लेख पाच वेळा झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.